जेम्स वेल्स चोर नव्हता

‘वेरूळची ती चित्रं आपल्या गंगारामची. गोऱ्यानं ढापली आणि स्वतःच्या नावावर छापली.’

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात परभणीत तीनदा ऐकलं. एकदा कलाशिक्षकांच्या बैठकीत, एकदा एका व्याख्यानानंतर चहा घेताना, आणि तिसऱ्यांदा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून. तो आता स्वतः शाळेत चित्रकला शिकवतो, दरवर्षी मुलांना वेरूळला नेतो आणि गंगाराम तांबट हे नाव त्यांच्या वहीत लिहून घेतो. त्याचं मला कौतुकच आहे. पण त्याचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात एका मेलेल्या माणसावर चोरीचा आळ आहे. मी तिथल्या तिथे काही बोललो नाही. कपभर चहा संपेपर्यंत आटपावं असं ते उत्तर नव्हतं. म्हणून लिहायला बसलो.

ज्याच्यावर आळ आहे तो जेम्स वेल्स. १७४७ साली स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पीटरहेड या मासेमारीच्या बंदरात जन्मला, ॲबर्डीनला शिकला, चित्रकला बरीचशी आपली आपणच कमावली. १७९१ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो मुंबईला उतरला. पुण्याच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट त्याला पुण्याला घेऊन गेला. तिथे त्यानं सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना समोर बसवून त्यांची चित्रं काढली. शनिवारवाड्यात जागा मिळाली आणि तिथे पुण्याच्या मुलांना चित्रकला शिकवण्याची एक छोटी शाळाही चालली. मग वेरूळ, मग साष्टीतली कान्हेरी. कान्हेरीची लेणी काढताना ताप भरला आणि १७९५ सालीच ठाण्याला तो वारला. म्हणजे हिंदुस्थानात त्याच्या हाती आली ती जेमतेम चार वर्षं आणि काही महिने.

एवढ्या काळात त्यानं जे केलं त्यातलं आपल्याकडे काय उरलं? नानांचा चेहरा. तो उंच, सडपातळ, निवळ शांत चेहरा आपण शाळेच्या पुस्तकांपासून नाटकांच्या जाहिरातींपर्यंत ओळखतो, तो मुख्यतः वेल्सनं पाहून काढलेल्या चित्रांमुळे. चेहरा आपण ठेवला, काढणाऱ्याचं नाव मात्र टाकून दिलं. ज्यांना नाव ठाऊक आहे तेही ‘पेशव्यांचं चित्र काढणारा साहेब’ यापलीकडे जात नाहीत. तो मुळात मोकळ्या जागेचा, डोंगराचा, पाण्याचा आणि दगडाचा चित्रकार होता हे तर पुरतं विस्मरणात गेलं आहे.

मुंबईत उतरल्याबरोबर त्यानं काय केलं ते पाहा. १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत त्यानं मुंबई बेटाची आणि आसपासची दृश्यं काढली, आणि पुढे बारा दृश्यांचा संच म्हणून ती छापली गेली. मलबार टेकडीवरून दिसणारा समुद्र, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारी खाडी, माझगावकडचा उंचवटा, समुद्र अडवणारा बांध. आज जिथे इमारतींना इमारती चिकटल्या आहेत तिथे ताडाची झाडं, भरतीचं पाणी आणि मधून डोकावणारे खडक. भर घालून बेटं पूर्ण सांधली जाण्याआधीची मुंबई डोळ्यांनी पाहायची असेल तर त्या बारा पानांकडे जावं लागतं. त्या चित्रांत माणसं लहान आहेत. डोळा आधी जमिनीच्या उतारावर जातो, मग पाण्यावर, आणि माणूस सर्वांत शेवटी दिसतो. ही नजर दरबारी चित्रकाराची नव्हे. माणसांची चित्रं त्यानं पोटासाठी काढली असतील, पण उजेडाशी आणि अंतराशी त्याचं जे नातं होतं ते या पानांत दिसतं.

आता चोरीकडे येतो.

आळ घेणाऱ्यांचा पुरावा एकच आहे. १८०३ साली लंडनला वेरूळच्या लेण्यांच्या चोवीस चित्रांचा ग्रंथ निघाला. त्याच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे की ही चित्रं जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या चित्रकारानं स्वतः आणि आपल्या देखरेखीखाली कोरली. गंगारामचं नाव तिथे नाही. वेल्सच्या आधी गंगारामनं वेरूळ काढलं होतं हे सर्वांना ठाऊक आहे. मग दोन आणि दोन चार केले की झालं: वेल्स चोर.

पण या हिशेबातून सालं गळली आहेत. ती परत मांडू.

गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट, हा पुण्याचा चित्रकार मॅलेटच्या पदरी होता. मॅलेटनं त्याला वेरूळला पाठवून लेण्यांची चित्रं करून घेतली, आणि १७९४ च्या डिसेंबरात पुण्याहून कलकत्त्याला एक लांबलचक पत्र पाठवलं. लेण्यांच्या वर्णनाचं ते पत्र गंगारामच्या चित्रांच्या आधारे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत सहाव्या खंडात, १७९९ साली प्रसिद्ध झालं. त्या मजकुरात गंगारामचं नाव आहे. चित्रं त्याची आहेत असं मॅलेटनं स्पष्ट लिहिलं आहे. आणि त्याच मजकुरात, ज्याकडे माझ्या मित्रांचं लक्ष गेलेलं नाही, अशी एक नोंद आहे: वेल्सनं गंगारामची चित्रं सोबत वेरूळला नेली, प्रत्यक्ष लेण्यांसमोर धरून ताडून पाहिली आणि गंगारामच्या काळजीची आणि अचूकपणाची भरभरून ग्वाही दिली.

ही नोंद पुन्हा वाचावी अशी माझी विनंती आहे. नाव असलेला, दरबारात मान असलेला, इंग्रजी वकिलाचा आवडता चित्रकार वेरूळला जातो. हातात दुसऱ्याची चित्रं आहेत. समोर दगड आहे. ‘याचे खांब वाकडे आहेत, मीच नव्यानं काढतो’ असं म्हणायला त्याला कोण अडवणार होतं? गंगाराम तिथे उभा राहून वाद घालणार नव्हता. तरी वेल्स म्हणाला, बरोबर आहे. चोर मालाची अशी पावती देत नाही.

वेरूळमध्ये बसून ज्यानं चित्र काढलं आहे त्याला या पावतीची किंमत कळेल. मी मुलांना घेऊन तिथे किती वेळा गेलो याची मोजदाद ठेवलेली नाही. एसटीतून उतरायचं, डबे उघडायचे, मग पॅड काढायचं. पहिला अर्धा तास वाया जातो, कारण बाहेरच्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढे फक्त काळोख. नजर सरावली की पुढचा खांब दिसतो, मागचा दिसत नाही. मागचा दिसू लागला की पुढचा चपटा होतो. मुलं मग मागचे खांब अंदाजानं काढतात, सगळे सारखे, जणू साच्यातून पाडलेले. प्रत्यक्षात वेरूळचे खांब सारखे नाहीत. एकाचा घट पोटाशी फुगलेला, दुसऱ्याचा बसका. कैलासाचं तर विचारूच नका. तो वरून खाली कोरलेला आहे, म्हणून समोर उभं राहिलं की त्याची खरी उंची हाती लागत नाही आणि डोंगरावरून पाहिलं की पाया लागत नाही. छायाचित्राशिवाय, वटवाघळांच्या वासात बसून हे सगळं बरोबर काढणारा गंगाराम काय तयारीचा असेल! आणि ते बरोबर आहे हे सांगायला दुसरा तितकाच तयारीचा डोळा लागतो. तो डोळा वेल्सचा होता.

१८०३ च्या ग्रंथाचं काय? तो निघाला तेव्हा वेल्सला जाऊन आठ वर्षं होत आली होती. पहिल्या पानावर काय छापायचं हे त्याला कुणी विचारलं नाही, विचारणं शक्यही नव्हतं. त्याचे कागद मॅलेटच्या हाती आले होते. मॅलेटनं पुढे वेल्सच्या थोरल्या मुलीशी, सुझानाशी, १७९९ साली लग्न केलं, म्हणजे कागदही घरातच राहिले. ते डॅनियलकडे गेले. डॅनियल काका-पुतणे १७९३ साली मुंबईला आले होते, आसपासची लेणी त्यांनी पाहिली होती, वेल्सशी त्यांची ओळख होती. पण वेरूळ त्यांनी कधी पाहिलंच नाही. न पाहिलेल्या डोंगराचा ग्रंथ थॉमस डॅनियलनं काढला, तो त्याच्या सहा भागांच्या, एकूण एकशे चव्वेचाळीस चित्रांच्या प्रचंड मालिकेत शेवटचा भाग म्हणून जाऊन बसला, आणि आज जगभरच्या संग्रहालयांत तो डॅनियलच्या खणात असतो.

इथे मला डॅनियलवरही अन्याय करायचा नाही. त्यानं वेल्सचं नाव छापलं. पण नाव छापलं जाणं वेगळं आणि लोकांच्या तोंडी राहणं वेगळं. पुस्तकाच्या पाठीवर जो असतो तो लक्षात राहतो. ‘डॅनियलचं वेरूळ’ असं लोक म्हणू लागले. वेल्स लहान अक्षरांत गेला, आणि लहान अक्षरांतल्या माणसाच्याही मागे जो उभा होता त्या गंगारामला तर अक्षरच मिळालं नाही. चित्र कुणी पाहून काढलं, कुणी कोरलं, एवढे दोन रकाने त्या काळच्या इंग्रजी छपाईत असत. नोकरीतल्या देशी चित्रकारासाठी तिसरा रकाना करावा असं कुणाला वाटलं नाही. दोष द्यायचा तर तिथे द्या, मी तुमच्यासोबत आहे. पण जो माणूस गंगारामची ग्वाही देऊन कान्हेरीच्या तापानं मेला, त्याच्या डोक्यावर हे खापर फोडू नका.

वेल्सचं असं दुसऱ्यांदाही झालं. १७९० साली टिपूविरुद्धच्या तहासाठी मॅलेट पेशव्यांच्या दरबारात बसला. त्या दरबाराचं मोठं चित्र वेल्सनं करावं असं ठरलं होतं. त्यानं एकेकाचे चेहरे, पगड्या, बैठक, शनिवारवाड्यातली कमान असं सगळं टिपून ठेवलं आणि चित्र पुरं होण्याआधी तो गेला. ते चित्र १८०५ साली थॉमस डॅनियलनं रंगवलं. डॅनियल त्या दरबारात नव्हता. पुण्याचा दरबार त्याला कळला तो वेल्सच्या कागदांतून. आज ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि त्याखाली नाव डॅनियलचं आहे. ज्याची दोन मोठी कामं दुसऱ्याच्या नावानं ओळखली जातात, त्याला आपण परभणीत बसून चोर म्हणतो आहोत.

दुसरा पक्ष याच्या बरोबर उलट बोलतो, आणि त्यालाही उत्तर द्यायला हवं. ‘गंगारामला वेल्सनंच घडवलं. शनिवारवाड्यातल्या शाळेतला तो विद्यार्थी. गुरूचं नाव छापलं तर बिघडलं काय?’ हे तर आणखी सैल बोलणं आहे. अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या केंद्रात, गंगारामची चित्रं आहेत. त्यात पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं एक चित्र आहे, १७९० च्या नोव्हेंबरातलं. वेल्स मुंबईला उतरला १७९१ साली. म्हणजे गुरूचं जहाज लागण्याच्या आधी शिष्यानं गेंडा काढून ठेवला होता! त्या गेंड्याची कातडी पाहा. घड्या, खवले, त्यांच्या मधली सावली. पत्र्यावर ठोका देऊन उठाव आणणाऱ्या घराण्यातला हात तिथे ओळखू येतो, निदान मला तरी येतो. वेल्सकडून तो यथार्थदर्शन शिकला असेल, छायाप्रकाश शिकला असेल, आणि वेल्सनंही त्याच्याकडून काही घेतलं असेल. एकत्र काम करणारे दोन चित्रकार एकमेकांपासून घेतातच. पण घडवलं वगैरे नाही. गंगाराम घडलेलाच आला.

तांब्यावरून एक गोष्ट मनात येते ती इथे सांगून टाकतो. लंडनला जी चित्रं छापली ती तांब्याच्या पत्र्यावरून. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, गरम करून ती चिकटवायची, मग आम्ल चढवायचं. आम्ल राळेच्या कणांमधून तांबं खातं आणि शाई धरायला खरखरीत जागा तयार होते. जास्त वेळ ठेवलं की गडद, कमी वेळ ठेवलं की फिकट. वेरूळचा काळोख लंडनमध्ये असा तांब्यात उतरला. आणि तो काळोख पहिल्यांदा कागदावर उतरवणारा जातीनं तांबट होता. ज्यानं त्या चोवीस पत्र्यांकडे पाहून सर्वांत नेमकं मत दिलं असतं, त्याला ते कधी पाहायला मिळाले का?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मी पूर्ण नाकारत नाही. ‘मॅलेट कंपनीचा वकील. दरबारात बसून बातम्या काढणारा. त्याच्या पैशानं झालेली ही चित्रं म्हणजे राज्य घेण्याच्या तयारीचा भाग. असल्या माणसाच्या चित्रकाराचे गोडवे का गायचे?’ खरं आहे, मॅलेट निव्वळ कलाप्रेमापोटी पुण्यात राहत नव्हता. लेणी मोजणं आणि मुलूख मोजणं यांत अंतर फार नसतं. वेल्सला हे कळत नसेल असंही मी म्हणणार नाही. तो कंपनीच्या सावलीत जगला, त्या सावलीचा त्यानं फायदा घेतला. पण हाच न्याय लावायचा तर गंगारामचा पगारही मॅलेटच्याच थैलीतून येत होता. तिथे आपण म्हणतो, पोटासाठी केलं, पण काम पाहा. मग वेल्सचंही काम पाहा. काम पाहण्यासाठी पोटाचा धंदा बाजूला ठेवायचा असेल तर तो दोघांच्या बाबतीत ठेवा. एकाला माफी आणि एकाला फाशी, हा न्याय मला मान्य नाही. गंगारामला उभं करण्यासाठी वेल्सला पाडावं लागत नाही. उलट वेल्सला पाडलं की गंगारामच्या अचूकपणाची ग्वाही देणारा त्या काळातला सर्वांत भक्कम साक्षीदारच आपण पाडतो. चोराच्या साक्षीला कोण विचारतो? हे माझ्या मित्रांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

काम सुरू झालं आहे, ही चांगली गोष्ट. उदय कुलकर्णी यांनी २०१९ साली वेल्सवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हॉली शॅफर या अमेरिकी अभ्यासक बाईंनी गंगाराम, वेल्स आणि पुण्याचा तो सगळा काळ वर्षानुवर्षं अभ्यासून २०२२ साली ग्रंथ काढला. वेल्सची रोजनिशी येलला जपून ठेवलेली आहे. इतकं समोर असताना आपण अजून ‘ढापली’ या एका शब्दावर अडून बसावं याचं मला वाईट वाटतं.

आणि परभणीनं यात का पडावं, असंही मला विचारलं गेलं. पुणं आपलं नाही, वेरूळही आपल्या जिल्ह्यात नाही, स्कॉटलंडची तर गोष्टच सोडा. याचं उत्तर द्यायला मी जिंतूर तालुक्यात जातो, चारठाण्याला. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, नृसिंहतीर्थाची बारव, शेतात आणि वस्तीत विखुरलेले यादवकाळातले कोरीव दगड, आणि तो उंच स्तंभ, ज्याला कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. या जागांचं अठराव्या शतकातलं एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही. इथे ना वेल्स आला ना गंगाराम. कुठला शिल्पपट कधी हलला, कोणता खांब कधी पडला हे सांगायला आपल्याजवळ कागद नाही, म्हाताऱ्यांची आठवण आहे. वेरूळपाशी कागद आहे, कारण दोन माणसं तिथे बसली. ती कुठली, कुणाच्या पगारावर, हे मी वर मान्य केलंच आहे. पण ती बसली.

एक गोष्ट माझ्याही बाबतीत घडली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी चारठाण्याचा तो स्तंभ चार रविवार जाऊन काढला. एक मुलगा टेप धरायचा, दुसरा आकडे लिहून घ्यायचा, मी रेघ ओढायचो. ते चित्र पुढे एका स्मरणिकेत छापून आलं. खाली नाव होतं संपादकांचं. माझं नाव गेलं याचं मला फारसं काही वाटलं नाही. टेप धरणारा मुलगा ते पान घेऊन माझ्याकडे आला आणि नुसता उभा राहिला. त्याला काय सांगावं ते मला तेव्हा सुचलं नव्हतं. त्या छापण्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. नावं विचारायची पद्धतच नव्हती, एवढंच. त्या दिवसापासून माझ्या वर्गातल्या प्रत्येक चित्राखाली मी सगळी नावं लिहायला लावली, माप घेणाऱ्याचं आणि पाणी आणून देणाऱ्याचंसुद्धा.

म्हणून माझ्या त्या विद्यार्थ्याला, आता तोही सर झाला आहे, माझं सांगणं आहे. या हिवाळ्यात सहल वेरूळला नेशील तेव्हा कैलासासमोर मुलांना गंगारामबद्दल सांग, अवश्य सांग, गेंड्यापासून सांग. मग वहीत दोन ओळी लिहून घे. काढणारा: गंगाराम चिंतामण तांबट, पुणे. लेण्यांसमोर ताडून पाहून बरोबर म्हणणारा: जेम्स वेल्स, पीटरहेड, स्कॉटलंड. आणि परत आल्यावर एका रविवारी त्याच मुलांना चारठाण्याला घेऊन जा. टेप मी आणतो.